हमीद दलवाई : मिरजोळी ते मुस्लिम सत्यशोधक मंडळ

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला आम्ही एक प्रकल्प दिला होता. महाराष्ट्रातल्या समाजसुधारकांची यादी फळ्यावर लिहिली आणि मुलांना एकेक नाव निवडायला सांगितलं. फुले, शाहू महाराज, कर्वे, फातिमाबी शेख ही नावं पटापट गेली. आमच्या सूसच्याच एका मुलीने हमीद दलवाई हे नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत हजर. माणूस सज्जन, रिक्षा चालवतात, पाच वक्ताचे नमाजी. रागावलेले नव्हते, पण अस्वस्थ दिसत होते. हेच नाव कशाला, दुसरं कुणी नाही का, असं त्यांचं म्हणणं. दलवाईंनी नेमकं काय केलं, असं आम्ही विचारलं तेव्हा त्यांना एवढंच माहीत होतं की हा माणूस दीनच्या विरोधात बोलायचा आणि मेल्यावर त्याला दफन केलं नाही.

खरं सांगायचं तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या लहानपणी, सोलापूरला मोहल्ल्यात, हे नाव असंच दबक्या आवाजात घेतलं जायचं. पुढे बीएडला आलो तेव्हा दुसरंच ऐकलं. तिथले प्राध्यापक दलवाईंचं नाव घेताना असे काही भारावून जायचे की वाटावं, मुसलमानांत शहाणा म्हणावा असा हा एकच माणूस झाला. एकीकडे शिव्या, एकीकडे हार. त्या मुलीला दोन्हींपैकी एक देऊन चालणार नव्हतं, म्हणून आम्ही बसून वाचलं, जुन्या लोकांशी बोललो. त्यातून हाती लागलं ते इथे मांडतो.

हमीद उमर दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा. गाव मिरजोळी, चिपळूणजवळ, रत्नागिरी जिल्हा. घर कोकणी मुसलमानाचं. आमच्यासारख्या घाटावरच्या उर्दू घरातल्या लोकांना हे नीट समजून घ्यावं लागतं. कोकणातल्या मुसलमानाच्या घरात कोकणी वळणाची मराठीच बोलतात. भातशेती, आंब्याची कलमं, घरातला एखादा माणूस मुंबईला नाहीतर बोटीवर, असं ते जग. म्हणजे दलवाईंनी मराठीत लिहिलं ते कुणाला दाखवायला नव्हे. ती त्यांची घरचीच भाषा.

पोरवयात ते राष्ट्र सेवा दलात गेले. हा काळ लक्षात घ्यायला हवा. १९४०च्या पुढची वर्षं, मुस्लिम लीगचा जोर, १९४६च्या निवडणुकीत मुसलमानांच्या राखीव जागांवर लीगने बाजी मारलेली. अशा वेळी कोकणातल्या एका मुस्लिम घरातला मुलगा साने गुरुजींना मानणाऱ्या सेवा दलाच्या शाखेत जातो, तिथल्या मुलांबरोबर खेळतो, गाणी म्हणतो. गावात काय बोललं गेलं असेल याची कल्पना करता येते. फाळणी झाली, आणि ज्यांनी लीगला मतं दिली होती त्यातले बहुतेक इथेच राहिले. या विसंगतीने दलवाईंना आयुष्यभर छळलं. पुढे राजकारणावर त्यांनी जे काही लिहिलं, त्याच्या मुळाशी हा कोकणातला १९४७ आहे असं आम्हाला वाटतं.

पुढे मुंबई. समाजवादी मंडळींत उठबस, किरकोळ नोकऱ्या आणि लेखन. पहिली ओळख कथाकार म्हणूनच. १९६१ साली ‘लाट’ हा कथासंग्रह आला, १९६५ साली ‘इंधन’ ही कादंबरी. बरीच वर्षं बाहेर काढून, आजारी होऊन गावी परतलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांसमोर मुसलमान, कुळवाडी, ब्राह्मण, दलित यांच्या जुन्या संबंधांना लागलेली आग, असा तिचा विषय. राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि गावाकडे लोक भडकले. आपलंच घर उघड्यावर मांडलं, असा राग होता. कोकणातल्या मुसलमानाचं घर, शेत, अंगण मराठी कादंबरीत इतक्या आतून आधी फारसं कुणी आणलं नव्हतं, हे मात्र वाचणारा कुणीही कबूल करील. आमच्या मते चळवळीच्या गदारोळात हा लेखक झाकला गेला. त्यांनी आणखी चार कादंबऱ्या लिहिल्या असत्या तर मराठी मुसलमानाची ओळख आज वेगळी असती. असो.

आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकात ते पत्रकार होते. त्या निमित्ताने देशभर हिंडले, ठिकठिकाणच्या मुसलमानांशी बोलले, त्यावर लिहिलं. या फिरतीत त्यांची दोन मतं पक्की झाली. एक, मुसलमानांचं राजकारण भूतकाळात अडकलं आहे, त्याला आतून प्रश्न विचारणारा वर्ग हवा. दोन, हिंदू समाजात जसे फुले, आगरकर झाले तसं आपल्यात घडलं पाहिजे. यावरचे त्यांचे लेख इंग्रजीत दिलीप चित्रे यांनी नेले, ‘मुस्लिम पॉलिटिक्स इन इंडिया’ या नावाने. देशभर चर्चा झाली ती त्या पुस्तकाने.

पण चळवळ पुस्तकातून उभी राहिली नाही. ती उभी राहिली बायकांमधून, आणि आम्हाला या सगळ्यात सांगण्यासारखं वाटतं ते हेच.

त्या काळी तलाक कसा व्हायचा, हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. पोस्टकार्ड यायचं. आमच्या नानीच्या शेजारी एक बाई राहायच्या, आम्ही त्यांना खाला म्हणायचो. त्यांना असंच कार्ड आलं होतं, नवरा मुंबईला होता. खालांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते आमच्या मामाकडून वाचून घेतलं. मामा तेव्हा सातवीत. कार्ड वाचून झाल्यावर मामा रडायला लागले आणि खालाच त्यांना गप्प करत राहिल्या, असं नानी सांगायच्या. पुढची तीस वर्षं खालांनी विड्या वळल्या. जमातीतलं कुणी विचारायला गेलं नाही की तीन शब्द एका कार्डात कसे आणि का.

शरीयतच्या जाणकारांना ठाऊक आहे की ही पद्धत सुन्नतची नाही. तिला तलाक-ए-बिदअत म्हणतात, बिदअत म्हणजे नंतर घुसलेली गोष्ट. योग्य मार्ग वेगळा आहे. एकदा तलाक, मग इद्दतची मुदत, त्यात दोन्हीकडच्या घरच्यांनी समेटाचा प्रयत्न, आणि परतण्याची वाट खुली. हनफी उलेमांनी एका बैठकीतले तीन तलाक गुनाह मानले, पण लागू मानले. अहले हदीस त्यांना एकच धरतात, शिया फिकह मानतच नाही. इजिप्तने १९२९ साली कायदा करून तीनचा एक केला. पाकिस्तानात १९६१ साली लेखी नोटीस आणि नव्वद दिवसांची अट आली. ट्युनिशियाने १९५६ साली दुसऱ्या लग्नावरच बंदी घातली. हे सगळं दलवाईंनी मोर्चा काढला त्याच्या आधीचं आहे. म्हणजे मुस्लिम देशांत बदल होत होता, आपल्याकडे १९३७च्या शरीयत कायद्यावर आणि १९३९च्या, बाईला कोर्टातून फारकत मिळवून देणाऱ्या कायद्यावर गाडी थांबली होती.

१८ एप्रिल १९६६. मुंबईच्या कौन्सिल हॉलवर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा गेला. सात म्हणजे फक्त सात. त्यात दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना निवेदन दिलं. तोंडी तलाक बंद करा, एकाहून जास्त बायका करण्याची मुभा काढा, सर्वांना समान नागरी कायदा करा. अनेकांनी या मोर्चाची टिंगल केली. मोर्चा म्हटला की हजारांत मोजायची सवय असलेल्या मुंबईत सात बायका म्हणजे काय? पण जरा विचार करा, १९६६ साली आपल्या मोहल्ल्यातून अशा कामासाठी घराबाहेर पडायला एक तरी बाई तयार झाली असती का? घरी परत गेल्यावर सासर, माहेर, शेजार यांना तोंड द्यायचं होतं ते त्या सात जणींनाच.

मेहरुन्निसांबद्दल इथेच लिहितो, कारण नंतर राहून जाईल. त्या पुण्याच्या, घरची भाषा उर्दू. १९५६ साली लग्न झालं. निकाहही झाला आणि सरकारी नोंदणीचं लग्नही. दलवाईंचं म्हणणं असं की फक्त निकाह केला तर उद्या मला तोंडी तलाकचा हक्क राहील, तो मला नको. दोन मुली झाल्या. नवरा गावोगाव फिरायचा, पैसा नाही, घरात कार्यकर्त्यांची वर्दळ. नोकरी करून संसार चालवला तो या बाईने. त्यांचं आत्मकथन मराठीत आहे, ‘मी भरून पावले आहे’ हे त्याचं नाव. ज्यांना दलवाईंची मतं अजिबात पटत नाहीत त्यांनीही ते वाचावं. चळवळीच्या माणसाच्या घरात दूध-रेशनचं कसं चालतं, ते त्यात कळतं.

मोर्चानंतर चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नाव मुद्दाम घेतलेलं होतं, महात्मा फुल्यांच्या १८७३च्या सत्यशोधक समाजावरून, त्याच पुण्यात. उद्दिष्टं बरीच होती. स्त्रीला बरोबरीचे हक्क, आधुनिक शिक्षण, कुटुंब नियोजन, विवेकाने विचार करण्याची सवय, समान नागरी कायदा. पण मंडळाला खरी माणसं मिळाली ती तलाकच्या प्रश्नामुळे.

सय्यदभाईंचंच पाहा. सय्यद महेबूब शहा कादरी हे त्यांचं पूर्ण नाव, पुण्यात पेन्सिलच्या कारखान्यात कामगार. बहिणीला तोंडी तलाक मिळाला. त्या धक्क्याने ते विचारत सुटले की असं कसं होऊ शकतं, मौलानांना विचारलं, जाणत्यांना विचारलं, आणि शेवटी दलवाईंपर्यंत पोहोचले. ते काही पुस्तकं वाचून सुधारक झाले नव्हते. बहिणीचा चेहरा पाहून झाले होते. पुढची पन्नास वर्षं ते मंडळात राहिले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव ‘दगडावरची पेरणी’. सरकारने २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर केली, २०२२च्या एप्रिलमध्ये पुण्यात ते गेले. दलवाईंवर बोलणारे शंभर भेटतात, सय्यदभाईंचं नाव घेणारा क्वचित. आम्ही त्या मुलीला सांगितलं की प्रकल्पात एक पान यांच्यावर हवंच.

मंडळाचं काम चालायचं कसं? तलाक मिळालेली बाई यायची, सोबत बाप नाहीतर भाऊ. तिची हकिकत ऐकायची, नवऱ्याला गाठायचं, समेट होतो का पाहायचं, नाहीतर मेहर आणि खर्चासाठी पाठपुरावा करायचा, कोर्टात जायचं असेल तर वकील पाहायचा. जोडीला सभा. सभांत दगड यायचे, काळे झेंडे दाखवले जायचे, कार्यकर्त्यांवर घरच्यांचा बहिष्कार पडायचा. १९७१च्या डिसेंबरात पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरली आणि तलाक मिळालेल्या बायका पहिल्यांदाच माईकसमोर उभ्या राहून स्वतःचं बोलल्या. सातांवरून सुरू झालेली गोष्ट पाच वर्षांत इथवर आली. चळवळीची वाढ म्हणायची तर ही. सभासद फार झाले नाहीत कधीच, पण जो प्रश्न घराच्या उंबऱ्याआत दाबलेला होता तो वर्तमानपत्रात आला, विधिमंडळात आला, आणि उलेमांनाही त्यावर बोलावं लागलं.

हे उलेमांचं बोलणं आपल्याकडे कुणी सांगत नाही. १९७२च्या डिसेंबरात मुंबईत मोठं अधिवेशन भरलं आणि १९७३च्या एप्रिलमध्ये हैदराबादला ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झालं. त्याचं तातडीचं कारण दत्तक विधेयक होतं, पण पर्सनल लॉ बदला म्हणणारे आवाज वाढले आहेत ही जाणीवही मागे होतीच. आणि त्याच १९७३ साली अहमदाबादेत वेगवेगळ्या मसलकांचे उलेमा एकत्र बसले, एका बैठकीतल्या तीन तलाकवर निबंध वाचले गेले, आणि त्यांना एक धरण्याची वाट शरीयतमध्ये आहे असा विचार पुढे आला. म्हणजे दरवाजा आतूनही किलकिला झाला होता. तो नंतर कुणी उघडला नाही. आम्हाला सर्वात जास्त खंत कशाची वाटत असेल तर याची. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं आपण घालवली.

आता आमचे दलवाईंशी मतभेद. ते लपवून लिहिलं तर या लेखाला अर्थ नाही.

पहिला मतभेद भाषेचा. महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी मुलांना मराठी शाळेत घालावं, उर्दूचा आग्रह सोडावा, असं मंडळाचं मत होतं. कोकणी मुसलमानाच्या तोंडी ते शोभतं, त्याची घरची भाषाच मराठी. पण सोलापूर, मालेगाव, औरंगाबाद, भिवंडीच्या घरात दादी-नानी उर्दू किंवा दखनी बोलते. आम्ही दोन्ही भाषांत शिकवतो, वीस वर्षं झाली. आमचा अनुभव असा की अनेक मुली दहावीपर्यंत शिकल्या त्या उर्दू शाळा घराजवळ होती आणि बाई ओळखीच्या होत्या म्हणूनच. ती शाळा नसती तर त्या मराठी शाळेत गेल्या नसत्या, घरी बसल्या असत्या. मराठी चांगली यायलाच हवी, त्याशिवाय नोकरी नाही, तलाठी ऑफिस नाही, कोर्ट नाही. पण एक शिकायला दुसरी टाकावी लागत नाही.

दुसरा मुद्दा जास्त बायकांचा. यावर मंडळाने फार जोर दिला. १९६१च्या जनगणनेचे आकडे पाहिले तर एकाहून जास्त बायका असण्याचं प्रमाण मुसलमानांत सुमारे ५.७ टक्के आणि हिंदूंत ५.८ टक्के निघालं होतं, आदिवासींत त्याहून बरंच जास्त. हिंदूंना तर १९५५पासून कायद्याने बंदी आहे. ज्या बाईवर सवत आली तिचं दुःख टक्क्यात मोजता येत नाही, हे मान्यच. तरी चार बायका हा आपल्या समाजाचा खास रोग असल्याचं जे चित्र पसरलं, ते खोटं होतं, आणि मंडळाच्या भाषणांचा उपयोग ते पसरवणाऱ्यांनी केला. दलवाई हिंदू जातीयवादाविरुद्धही बोलायचे, लिहायचे. ती पानं मात्र कुणी उचलली नाहीत.

तिसरा मतभेद सर्वात मोठा. दलवाईंनी तलाकच्या प्रश्नाला धर्मश्रद्धेच्या प्रश्नाशी जोडलं. ते स्वतः धर्म मानत नव्हते, आणि तसं उघड सांगायचे. प्रामाणिकपणा म्हणून ते मोठंच. पण पोस्टकार्ड आलेली आमची खाला पाच वक्ताची नमाजी होती. तिला नवऱ्याच्या अन्यायापासून सुटका हवी होती, अल्लाहपासून नव्हे. तिला मदत मिळवायला जर अशा सभेत जावं लागणार असेल जिथे तिच्या ईमानवरच प्रश्न आहेत, तर ती पायरी चढणार नाही. आणि मौलवींना उत्तर देण्याची गरजच उरली नाही. माणूस दीनच्या बाहेरचा आहे, एवढं म्हटलं की काम भागलं. एका बिदअतचा प्रश्न अशा रीतीने ईमानचा प्रश्न होऊन बसला. यात नुकसान कुणाचं झालं ते खालाला विचारावं.

अर्थात, ते गोड बोलले असते तर आपण ऐकलं असतं का, हा प्रश्न उरतोच. १९७३चे अहमदाबादचे उलेमा गोडच बोलत होते.

घरातल्या कायद्याला राजकारण कसं चिकटतं हे पाहायचं तर लेबनॉनकडे बघावं. तिथे अठरा मान्य पंथ आहेत, सुन्नी, शिया, द्रूझ, मारोनाइट ख्रिश्चन वगैरे, आणि लग्न-तलाक ज्याच्या त्याच्या पंथाच्या कोर्टात. देशात नोंदणी लग्नाची सोयच नाही. ज्यांना ते करायचं ती जोडपी सायप्रसला जाऊन करून येतात. तिथल्या राजकीय संघटनाही बहुतेक पंथावर उभ्या आहेत. त्यामुळे कुणी कौटुंबिक कायद्याला हात लावायचं म्हटलं की त्या त्या पंथाला आपली सत्ता गेली असं वाटतं आणि सगळे धर्मगुरू, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, एका बाजूला येतात. आपल्याकडे गोष्ट इतकी टोकाला गेली नाही. पण अल्पसंख्य समाजाला बाहेर दंगल आणि भेदभाव दिसत असतो तेव्हा तो घरातल्या कायद्याला शेवटची भिंत समजून धरून बसतो. १९६० आणि ७०च्या दशकात जबलपूर, अहमदाबाद, भिवंडी, जळगाव या दंगली झाल्या. भिवंडी-जळगाव तर १९७०च्या मे महिन्यातली, म्हणजे मंडळाच्या स्थापनेला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. घर जळालेल्या माणसाला त्याच वेळी आत्मपरीक्षण कर म्हणणं सोपं नाही. दलवाईंनी ते म्हटलं. त्यांचं धाडस आणि त्यांची चूक, दोन्ही आम्हाला तिथेच दिसतात.

त्यांच्या हाती वेळही फार नव्हता. मूत्रपिंडं निकामी झाली. उपचार चालू असतानाही लेखन, बैठका चालूच. ३ मे १९७७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ४४. आपल्या मागे कोणताही धार्मिक विधी करू नये, दहन करावं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, तसंच झालं. मुलीच्या अब्बांना आठवत होतं ते हेच. आमच्या मनालाही ही गोष्ट लागते, आम्ही नाही म्हणणार नाही. जनाज्याला खांदा देणं हा आपल्यात मेलेल्याचा हक्क आहे, भांडण असलं तरी तो दिला जातो. पण ज्याने स्वतःहून तो नको म्हटला, त्याच्याबद्दल आपण काय बोलणार. हिशेब अल्लाहकडे आहे.

मंडळ त्यांच्या मागे संपलं नाही. १९८५च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने शाहबानो प्रकरणात तलाकशुदा बाईला पोटगीचा हक्क आहे असा निकाल दिला आणि देशभर वादळ उठलं. त्याच वर्षी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आणि तलाकपीडित बायकांनी कोल्हापूरहून नागपूरपर्यंत तलाक मुक्ती मोर्चा नेला. १९८६ साली सरकारने निकालावर पाणी फिरवणारा कायदा केला. लक्षात घ्या, त्याच सुमारास अयोध्येचं कुलूप उघडलं गेलं होतं. एकाला हे, दुसऱ्याला ते, असा तो हिशेब. त्यात तलाकपीडित बाईच्या हाती काय आलं?

पुढे कोर्टांनीच हळूहळू वाट काढली. २००२ साली मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्ण पीठाने आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाईच्या प्रकरणात सांगितलं की नवरा नुसता तलाक दिला म्हणाला म्हणून तलाक होत नाही. कारण आणि समेटाचा प्रयत्न, दोन्ही सिद्ध करावे लागतील. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेही तसंच म्हटलं. हे निकाल आपल्या किती मशिदींतून, किती निकाहच्या मजलिसींतून सांगितले गेले? आम्ही तरी कधी ऐकले नाहीत.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने एका बैठकीतला तिहेरी तलाक रद्द ठरवला. पाच न्यायाधीशांचं पीठ, तीन विरुद्ध दोन. त्यातल्या एका न्यायाधीशांनी तर कुरआनच्याच आधारे तो रद्द म्हटला, म्हणजे जे आपल्या आलिमांनी म्हणायला हवं होतं ते. २०१९ साली तसा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा झाला. या कायद्यावर आमचा आक्षेप आहे. नवरा तुरुंगात गेल्यावर बाईला आणि पोरांना खर्च कुठून मिळणार याचं नीट उत्तर त्यात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या समाजात बायको टाकली म्हणून नवऱ्याला तुरुंग नाही. पण हा कायदा बाहेरून आला, कारण आतून काहीच आलं नाही.

मेहरुन्निसाबाई तो निकाल ऐकायला नव्हत्या. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं होतं, निकालाच्या जेमतेम अडीच महिने आधी. १९६६ला कौन्सिल हॉलवर गेल्या होत्या, त्याला तेव्हा एक्कावन्न वर्षं झाली होती.

मुलीने प्रकल्प पूर्ण केला. अब्बांनी तो रात्री बसून वाचला, असं ती म्हणाली. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. दलवाईंच्या पानाआधी तलाकची सुन्नत पद्धत काय आहे ते लिही, म्हणाले, आणि ती माहिती स्वतः मौलानांकडून विचारून आणून दिली. ते पान आता प्रकल्पात पहिलं आहे.